मेंटॉर नावाचा रकाना

मी गोरेगावचा आहे असं सांगितलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ईस्ट का वेस्ट?" मग मी सांगतो, बाबा रे, लोकल थांबते ते नव्हे, गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गोरेगाव. त्यावर काही जण "म्हणजे छत्तीसगडमध्ये ना?" असंही विचारतात. आता सवय झालीये, हापिसात हा विनोद चालून जातो. पण गेले दोन विकांत ज्या कामात गेले त्यात गावाच्या पत्त्याची किंमत मोजावी लागते हे दिसलं, आणि त्यात विनोदी काही नव्हतं.

काम होतं अर्ज भरण्याचं. माझी मावसबहीण (मी तिला ताईच म्हणतो) नागपूर विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातली पीएच.डी. आहे. वय ३२. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हा शब्द ज्यांच्या कानावरून गेलेला नाही त्यांच्यासाठी: जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. आयटीवाल्यांच्या भाषेत कायमचं कंत्राटी, आणि बेंचवर बसून पगार घ्यायची सोयही नाही.

ताईला पोस्टडॉक करायचंय. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झाल्यावर आणि कुठेतरी कायम चिकटण्याआधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, पण बऱ्यापैकी स्वतःच्या कल्पनेवर केलेलं संशोधन. फेलोशिप मिळाली तर पोटापाण्याची सोय होते. आपल्याकडे ह्यातली सगळ्यात नावाजलेली योजना म्हणजे नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. ती आधी सर्ब ही केंद्राची संस्था द्यायची, २०२४ पासून सर्बचं सगळं काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं. सर्बच्या काळातले आकडे सांगतो: दोन वर्षं, महिना ५५ हजार, वर घरभाडे भत्ता, आणि संशोधनाच्या खर्चाला वर्षाला २ लाख. वयाची अट ३५, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सवलत. यूजीसीनेही २०२२ च्या शिक्षकदिनी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाची पोस्टडॉक फेलोशिप जाहीर केली, ९०० जागा, त्यातल्या ३० टक्के महिलांना, महिना ५० हजार. त्याआधी यूजीसीची डॉ. कोठारी फेलोशिप होती, तिचे तर अख्ख्या देशाचे अर्ज आपल्या पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यायचे. म्हणजे योजना नाहीत असं कोणी म्हणू नये. आहेत.

ह्या सगळ्यांत एक रकाना सारखा. कुठे त्याचं नाव मेंटॉर, कुठे सुपरवायझर. अर्ज करण्याआधीच तुम्हाला एक प्राध्यापक शोधावा लागतो, जो म्हणेल की हो, ही व्यक्ती माझ्याकडे येऊन काम करेल. नॅशनल फेलोशिपच्या नियमात तो कायम नोकरीतला आणि स्वतः पीएच.डी. असलेला हवा, आणि एका वेळी त्याच्याकडे ह्या योजनेतले दोनच फेलो असू शकतात. त्याची संमती, त्याच्या संस्थेचं पत्र, सही, शिक्का. एवढं झालं की मगच तुमची संशोधनाची कल्पना तज्ज्ञांच्या समितीपुढे जाते.

माझं म्हणणं असं की खरी निवड समितीत होतच नाही. ती ह्या रकान्यात होते. आणि तिथे काय होतं ह्याचा हिशोब कोणीच ठेवत नाही.

ताईने एकतीस मेल पाठवले. उत्तरं आली चार. दोन नम्र नकार. एक स्वयंचलित, "मी रजेवर आहे" छापाचं. आणि चौथं एका ओळीचं, एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांचं: आधी तुमच्या गाइडना मला फोन करायला सांगा. गाइड दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले, ते आणि हे प्राध्यापक एकमेकांना ओळखत नाहीत. विषय संपला. उरलेल्या सत्तावीस जणांचं काय? मेल पोचला का, वाचला का, वाचून नको वाटला का, काही पत्ता नाही. आपल्या धंद्यात एखादी रिक्वेस्ट आली आणि सर्व्हरने एररसुद्धा न देता टाकून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाची तरी हजेरी घेतली जाते. निदान लॉग तरी सापडतो. इथे लॉगच नाही. पुढे कधी ह्या योजनांचा आढावा निघाला तर त्यात किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले हे दिसेल. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीतून अर्ज कमी आले असं दिसलं तर साहेब लोक म्हणतील, तिकडे जागरूकता कमी आहे, कार्यशाळा घ्या. अर्जापर्यंत पोचायच्या आधी जे गळले ते कुठल्याच तक्त्यात नाहीत.

मोठ्या संस्थेतून पीएच.डी. झालेल्यांना हा रकाना जड जात नाही. त्यांच्या गाइडचा मित्र असतो, परिषदेत चहा पिताना ओळख झालेली असते, सिनिअर कोणीतरी तिथेच पोस्टडॉक असतो. आपल्याकडे नोकरी लागते तशीच गोष्ट आहे, रेफरलने आलेला रेझ्युमे वर आणि पोर्टलवरून आलेला खाली. फरक एवढाच की कंपनीला तुमच्या-माझ्या नोकरीचे पैसे सरकार देत नाही. फेलोशिपचे पैसे सगळ्यांच्या करातले, मग तिथे तरी आत जायचा दरवाजा सगळ्यांना दिसेल असा नको का?

आता प्राध्यापकांची बाजू. ती खरी आहे, त्यामुळे सांगायलाच हवी. त्यांना असे मेल ढिगाने येतात आणि त्यातले पुष्कळसे एकाच साच्यातले असतात. मी स्वतः मुलाखती घेतो, एकाच दिवशी तीस जणांनी "हार्डवर्किंग टीम प्लेअर" असं लिहिलेलं पाहिलं की डोळ्यांवर झापड येते. ताईचा पहिला मेल मी वाचला आणि तोही तसाच होता. रिस्पेक्टेड सर, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपली आजन्म ऋणी राहीन, वगैरे वगैरे. चौथ्या परिच्छेदापर्यंत झाडाचं नावही नाही.

मी तिला म्हटलं, "ताई, तू काय करणार आहेस ते मला मराठीत सांग." आणि मग ती जे बोलली ते मी नुसतं टंकत बसलो. आमच्याकडे मामा तलाव असतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि हळूहळू बरेचसे गाळाने भरत गेले. काठाने बेशरम माजली (हो, ह्या झुडपाचं नावच ते आहे, कुठेही लावा, उगवतं). पाण्यातल्या मूळच्या वनस्पती मागे हटल्या, त्यांच्यावर जगणारे मासे आणि पक्षी अडचणीत आले. ताईने पीएच.डी.साठी अशा तलावांतल्या वनस्पतींची मोसमागणिक नोंद केली आहे. आता तिला पाहायचंय ते गाळात काय आहे. ज्या वनस्पती वर दिसत नाहीत त्यांचं बी खालच्या चिखलात अजून जिवंत आहे का? असेल तर किती खोलीवर? म्हणजे उद्या गाळ काढायला जेसीबी लावला तर आपण तलाव वाचवतोय का त्याचं बियाणंच उचलून बांधीत नेऊन टाकतोय?

मला वनस्पतिशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण हा प्रश्न मला त्या रात्री झोपताना आठवत होता. गाळ काढण्यावर सरकार पैसा खर्च करतं, शेतकरी तो गाळ धानाच्या बांधीत पसरतात, आणि किती फूट खणायचं हे कोण ठरवतं? ठेकेदाराचं बिल. ताईकडे ह्याचं उत्तर शोधायची तयारी आहे, तलाव आहेत, पीएच.डी.च्या वेळच्या नोंदी आहेत, ढिवर बांधवांशी ओळख आहे. नाही ते बी उगवून पाहण्याच्या नियंत्रित सोयी, गाळाचं वय काढायची यंत्रणा आणि आकडेवारीत हात धरणारं कोणीतरी. मेंटॉर तेवढ्यासाठीच हवाय. म्हणजे "मला आश्रय द्या" असं काही हे प्रकरण नाहीये. तिच्याकडे अर्धं आहे, त्यांच्याकडे अर्धं आहे.

आम्ही मेल नव्याने लिहिला. आठ ओळी. पहिल्या ओळीत चिखलातल्या बियांचा प्रश्न. मग त्या प्राध्यापकाच्या एका विशिष्ट पेपरमधली पद्धत आमच्या तलावांना का लागू पडेल आणि कुठे अडेल. मग तिच्याकडे काय आहे, तिला काय हवंय. शेवटी वीस मिनिटं बोलायला वेळ मागितला, संमतीपत्र नाही. एकतीसऐवजी फक्त सहा जणांना पाठवला. दोन उत्तरं आली, त्यातलं एक "बोलू या" असं. इंग्रजीचा हा खेळ तिला शिकवायला तिच्या घरात एक आयटीवाला भाऊ होता म्हणून जमलं. ज्याच्या घरात नाही त्याने काय करायचं? आणि मुळात आठ ओळींचं चटपटीत इंग्रजी येणं ही चिखल चाळण्याची पात्रता कधीपासून झाली?

इथे मला कमला सोहोनी आठवतात. तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. वरच्या क्रमांकाने पास होऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारलं. त्या थेट तिथे जाऊन थडकल्या. शेवटी एक वर्ष अटींवर घेतलं. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, दर महिला दिनाला फिरतो. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बंगलोरात त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले, कडक पण शिकवणारे. पुढे त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या तेव्हा तिथे जागाच नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या तिथल्या संशोधकाने सांगितलं की दिवसा ही माझ्या टेबलावर काम करू दे, मी रात्री करीन, अशी हकीकत आहे. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. ते पोस्टडॉक नव्हतं हे मान्य. पण मेंटॉर म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसणार नाही, त्या टेबलाची गोष्ट सांगेन.

आणि तेव्हाही बघा, ते टेबल रिक्टरच्या चांगुलपणावर मिळालं, नियमाने नाही. चांगली माणसं आजही आहेतच. पण नव्वद वर्षांनंतरही आपला कारभार चांगुलपणावरच चालवायचा म्हणजे जरा अतिच झालं.

अमेरिकेत ह्यावर एक साधी गोष्ट केलीये. २००७ च्या अमेरिका कॉम्पीट्स कायद्यात असं ठरलं की ज्या प्रकल्पात पोस्टडॉकच्या पगाराचे पैसे मागितलेत, त्या प्रकल्पाच्या अर्जासोबत त्या पोस्टडॉकला आपण काय शिकवणार ह्याचा आराखडा द्यायचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनने तो सक्तीचा केला, जास्तीत जास्त एक पान. तो जोडला नाही तर अर्ज परत. कॅलिफोर्निया विद्यापीठाची १९८४ पासूनची प्रेसिडेंट्स पोस्टडॉक फेलोशिप आहे, तिथेही अर्जाचा मोठा भाग मेंटॉर प्राध्यापकाच्या पत्राभोवती फिरतो, आणि त्या योजनेचा हेतूच असा की माणूस पुढे स्वतः प्राध्यापक म्हणून उभा राहावा. तिकडे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. तिकडचे पोस्टडॉक स्वस्तातले मजूर म्हणून कसे राबवले जातात ह्याच्या कहाण्या माझ्याच मित्रांकडून ऐकल्यात. तिथली ती एकपानी टिपणंसुद्धा पुष्कळदा कॉपी-पेस्ट असतात म्हणे. तरीपण एक फरक पडतो. लिहून द्यावं लागतं तेव्हा ते मागता येतं. "तुम्ही लिहिलं होतंत की दर आठवड्याला बसू" असं म्हणायला एक कागद हाताशी राहतो.

आपल्याकडे मेंटॉरकडून आपण मागतो ती मुख्यतः सही. उमेदवाराने सगळं लिहायचं: प्रकल्प, उद्दिष्टं, वेळापत्रक, यंत्रसामग्री. ज्याच्या नावाने रकाना आहे त्याच्याकडून अर्धं पानही नाही. त्याने काय करायचं? वेळ किती द्यायचा? पेपरवर नाव कोणाचं आधी लागणार? पेपर नाकारला गेला तर उत्तर कसं लिहायचं हे शिकवणार का? दोन वर्षांनी हा माणूस नोकरीसाठी अर्ज करेल तेव्हा शिफारस लिहिणार का? ह्या बिनसायन्सच्या गोष्टीच तर आमच्याकडच्या पोरांना माहीत नसतात. सायन्स ती पुस्तकातून, चिखलातून, कुठूनही शिकतात.

कंपनीत नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला एक बडी देतात, कॉफी मशीन कुठे आणि कोड कुठे ठेवलाय हे दाखवायला. एचआरची ही टूम आम्ही सगळे हसण्यावारी नेतो. पण ती सक्तीची आहे आणि तीन महिन्यांनी त्या पोराला विचारतात की बडीने मदत केली का. फेलोला त्याच्या मेंटॉरबद्दल असं कोणी आणि कधी विचारायचं?

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने आणि संशोधन संस्थेने आपल्या पानावर लिहावं की यंदा कोणाकडे किती जागा आहेत आणि कोणत्या विषयात. दोनची मर्यादा नियमातच आहे, मग कोणाच्या दोन भरल्यात हे संस्थेला माहीत असतंच की. एका दुपारचं काम आहे, मी फुकट करून देतो :-) मेंटॉरने अर्धं पान लिहावं. आणि ज्यांना मेंटॉर सापडत नाही त्यांना नुसती कल्पना पाठवता यावी, मग संस्थेने ती योग्य प्राध्यापकापुढे ठेवावी आणि हो किंवा नाही कळवावं. नाही आलं तरी चालेल. "नाही" ची नोंद होईल.

ह्यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं (तो स्वतः पीएच.डी. करतोय) की असं केलं तर प्राध्यापकांवर कारकुनी वाढेल आणि चांगले लोक मेंटॉर व्हायलाच नको म्हणतील. असेल. पण ज्याला अर्धं पान लिहायचा कंटाळा येतो तो दोन वर्षं काय शिकवणार, हे मला कळलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि तो ताईनेच काढला. "मी तिकडे गेली तर तलाव इकडेच राहीन नं?" म्हणजे फेलोशिप पुण्याची किंवा बंगलोरची, नमुने गोंदियाचे, पेपर तिकडचा. दोन वर्षांनी परत आली तर तासिकांवरची तिची जागा कोणी दुसऱ्याने घेतलेली असेल, आणि कायम जागेची भरती कधी निघेल हे ब्रह्मदेवालाही माहीत नाही. मावशी म्हणते, ह्या वयात घर सोडून जायचं आणि परत येऊन पुन्हा तासावरच शिकवायचं, तर जायचं कायला? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मार्गदर्शन दूर बसून आणि काम तलावावर, अशी विभागणी अर्जातच लिहिता यायला हवी. वर्षातले चार महिने प्रयोगशाळेत, बाकीचे इकडे. आणि मेंटॉरनेही एखादा मोसम इकडे यावं. नागपूर विद्यापीठाने इथल्या एखाद्या कॉलेजात ताईला एक खोली आणि एक फ्रीज दिला तर अर्धं काम तिथेच होईल. फ्रीजचं खरंच म्हणतोय, गाळाचे नमुने ठेवायला तिने पीएच.डी.च्या वेळी मावशीचा घरचा फ्रीज वापरला होता. दह्याच्या शेजारी.

तर सध्या स्थिती अशी: "बोलू या" म्हणणाऱ्या प्राध्यापकांशी येत्या बुधवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल ठरलाय. तिच्या दोन तासांच्या मधला वेळ आहे, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये रेंज येत नाही म्हणून ती बाहेर स्कूटीवर बसून बोलणार आहे. मी तिला सांगितलं की हा तुझा इंटरव्ह्यू आहे तसा तुझ्याकडून त्यांचाही आहे, प्रश्न काढून ठेव. तिने वहीत सहा काढले. आधी कोणाला मेंटॉर केलं होतं आणि ती माणसं आता कुठे आहेत. आठवड्यात किती वेळ. पहिलं नाव कोणाचं. नमुने कुठे राहतील. पैसे उशिरा आले तर मधले महिने कसे काढायचे.

सहावा प्रश्न तिने तिच्याच भाषेत लिहिलाय, इंग्रजी मी करून द्यायचं आहे: "रोवणी आटोपली का तलाव पाहाले याल का, सर?"